संदेश-ब्रोकर आणि निष्प्राण जोडण्या

संगणकावरील दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी व्यवहार करावयाचा असेल, तर दोघेही एकाच वेळी जागे असावे लागतात. ही अट पुष्कळदा अडचणीची ठरते. देणारा वेगवान आणि घेणारा मंद असेल, किंवा घेणारा काही काळ बंद असेल, तर माल कोठे ठेवावयाचा हा प्रश्न उभा राहतो. म्हणून दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रोग्रॅम नेमतात. तो देणाऱ्याकडून संदेश घेतो, रांगेत लावतो, घेणाऱ्याला सवड होईल तसतसा त्याच्या हाती सोपवतो, आणि घेणाऱ्याने पोच दिल्यावरच रांगेतून काढून टाकतो. या मध्यस्थाला मेसेज ब्रोकर म्हणतात. त्याच्याशी बोलणारे देणारे व घेणारे प्रोग्रॅम हे त्याचे क्लायंट होत.

या कल्पनेला सुमारे चार दशकांचा इतिहास आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या अमेरिकेतील कंपनीने १९८० च्या दशकात ‘द इन्फर्मेशन बस’ या नावाची संदेशवहन व्यवस्था शेअरबाजारातील व्यवहारांसाठी सिद्ध केली. पुढे २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओ’हारा यांनी एका खुल्या संदेशवहन-नियमावलीच्या कामास प्रारंभ केला. तीच आज एएमक्यूपी या नावाने ओळखली जाते. या नियमावलीनुसार चालणारा रॅबिटएमक्यू हा ब्रोकर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अर्लंग भाषेत लिहिलेला आहे, आणि ही भाषा मुळात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी जन्मली. प्रस्तुत विवेचनात उदाहरणे मुख्यतः रॅबिटएमक्यूची घेतली आहेत. तथापि ज्या दोषाचा येथे विचार करावयाचा आहे, तो कोणत्याही ब्रोकरला चुकलेला नाही.

तो दोष असा. ब्रोकरच्या यादीत एखादा क्लायंट जोडलेला दिसतो, पण प्रत्यक्षात तो केव्हाच नाहीसा झालेला असतो. ब्रोकर त्याच्या नावे संदेश राखून ठेवतो आणि कधीही न येणाऱ्या पोचेची वाट पाहत राहतो. अशा जोडणीला येथे निष्प्राण जोडणी म्हटले आहे.

१. जोडणी म्हणजे दोन वह्या

‘जोडणी’ हा शब्द ऐकताच दोन टोकांना बांधलेली तार डोळ्यांपुढे येते आणि तार तुटली की दोन्ही टोकांना तत्काळ कळत असेल, असे वाटते. ही समजूत चुकीची आहे. इंटरनेटवरील बहुतेक ब्रोकर टीसीपी या नियमावलीवर चालतात. तिचे मूळ विवरण सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली. टीसीपीनुसार जोडणी होते म्हणजे इतकेच होते की, तीन पॅकेटांची देवाणघेवाण होऊन दोन्ही संगणक आपापल्या स्मृतीत एक नोंद करतात: अमुक पत्त्याच्या अमुक पोर्टशी माझा व्यवहार चालू आहे, इतके बाइट मी पाठवले, इतके मला मिळाले. या दोन नोंदींपलीकडे जोडणी नावाची कोणतीही वस्तू अस्तित्वात नसते.

दोन गावांतील दोन व्यापारी एकमेकांचे खाते आपापल्या वहीत ठेवतात, तसाच हा प्रकार आहे. व्यवहार झाला की दोन्ही वह्यांत नोंद होते. व्यवहार थांबला तर दोन्ही वह्या जशाच्या तशा राहतात. एका व्यापाऱ्याचे दुकान वहीसकट जळून गेले, तरी दुसऱ्याच्या वहीतील खाते चालूच राहते. त्याला कोणी कळवले नाही आणि त्याने स्वतः विचारले नाही, तर ते खाते वर्षानुवर्षे चालू दिसेल. टीसीपीच्या रचनाकारांना ही गोष्ट ठाऊक होती. एका बाजूने नोंद नाहीशी झालेल्या जोडणीला त्यांनी १९८१ च्या दस्तऐवजातच ‘अर्धी उघडी’ असे नाव दिलेले आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. दोन्ही बाजू गप्प असताना टीसीपी एकही पॅकेट पाठवीत नाही. त्यामुळे ज्याला काही सांगावयाचे नाही असा जिवंत क्लायंट आणि मृत क्लायंट हे ब्रोकरच्या दृष्टीने अगदी सारखे दिसतात. या लेखातील सर्व अडचणींचे मूळ एवढ्यात आहे.

२. जोडणी कोणकोणत्या रीतीने मरते

प्रत्येक मरणाने निष्प्राण जोडणी मागे राहत नाही, म्हणून भेद करणे अवश्य आहे.

पहिला प्रकार असा की, क्लायंटचा प्रोग्रॅम कोसळतो, परंतु त्याचा संगणक चालू असतो. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम त्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या सर्व जोडण्या स्वतः बंद करते आणि तसे पॅकेट ब्रोकरला पाठवते. ब्रोकरला क्षणार्धात कळते. येथे अडचण उद्भवत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण संगणकच अकस्मात बंद पडणे. वीज गेली, यंत्र थिजले, केबल निघाली किंवा चालू लॅपटॉपचे झाकण मिटले, तर निरोप पाठवावयास मागे कोणी उरत नाही. ब्रोकरच्या वहीतील नोंद तशीच राहते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. दोन्ही टोके जिवंत असतात, पण मधला मार्ग त्यांना विसरतो. फायरवॉल, पत्ते बदलून देणारे नॅट उपकरण व भार वाटणारा लोड बॅलन्सर ही सर्व मधली उपकरणे प्रत्येक जोडणीची स्वतःची तिसरी वही ठेवतात. तिच्यातील जागा मर्यादित असल्याने, काही काळ हालचाल न झालेली नोंद ती खोडून टाकतात. हा काळ उपकरणागणिक फार भिन्न असतो. २००८ च्या आरएफसी ५३८२ नुसार नॅट उपकरणाने स्थिर जोडणी किमान २ तास ४ मिनिटे जपावी अशी अपेक्षा आहे. लिनक्समधील जोडणी-नोंदीची मूळ मर्यादा ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस आहे. याउलट ॲमेझॉनच्या मेघसेवेतील नेटवर्क लोड बॅलन्सर मूळ मांडणीत ३५० सेकंदांनी नोंद सोडतो, तर मायक्रोसॉफ्टच्या अझूरमधील लोड बॅलन्सर ४ मिनिटांनी. नोंद गेल्यावर येणाऱ्या पॅकेटला काही उपकरणे स्पष्ट नकार देतात, तर काही ते निमूटपणे टाकून देतात. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही टोकांना आपली जोडणी चालू आहे असेच वाटत राहते.

याखेरीज एक चौथी अवस्था आहे. ती दिसावयास यांसारखीच, पण जातीने वेगळी आहे. येथे क्लायंट जिवंत असतो, मार्गही चालू असतो, परंतु प्रोग्रॅमचा काम करणारा भाग कोठेतरी अडकून पडलेला असतो. उदाहरणार्थ, डेटाबेसमधील एखाद्या कुलपाची तो वाट पाहत बसलेला असतो. जोडणी निष्प्राण नाही, पण पोच मात्र येत नाही. या अवस्थेला वरील तीन प्रकारांचे औषध लागू पडत नाही. म्हणून निदान करताना ती प्रथम वेगळी काढावी लागते.

३. एक उदाहरण

समजा, एका मोठ्या रुग्णालयातील रक्त-तपासणीचे अहवाल प्रयोगशाळेतून एका रांगेत येतात. तीन वेगवेगळ्या संगणकांवर चालणारे तीन वितरक प्रोग्रॅम ते रांगेतून घेतात आणि संबंधित वॉर्डाच्या पडद्यावर पोचवतात. प्रत्येक वितरकाला एका वेळी वीस अहवाल आगाऊ उचलण्याची मुभा आहे, म्हणजे वीस अहवालांची पोच बाकी असेपर्यंत ब्रोकर त्याला एकविसावा देत नाही. कोणीतरी पूर्वी हार्टबीट ही सोय ब्रोकर व क्लायंट या दोन्हींकडे बंद करून ठेवली आहे.

संध्याकाळी अहवालांचा लोंढा येतो आणि तिन्ही वितरकांच्या हाती वीस-वीस अहवाल जातात. नेमक्या त्याच वेळी एका संगणकाचा वीजपुरवठा बंद पडतो. उरलेले दोघे काम करीत राहतात आणि तासाभरात रांग रिकामी होते. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने पाहिले तर त्याला काय दिसेल? रांगेत थांबलेले संदेश शून्य, जोडलेले वितरक तीन. सर्व काही ठीक आहे असेच तो म्हणेल. मात्र त्याच पडद्यावर एक तिसरा आकडा असतो. पाठवलेले पण पोच न आलेले संदेश वीस आहेत, आणि हा आकडा हलत नाही. हे वीस अहवाल हरवलेले नाहीत. ब्रोकरकडे ते सुरक्षित आहेत, पण मृत क्लायंटच्या नावे राखून ठेवलेले असल्यामुळे ते दुसऱ्या कोणालाही मिळत नाहीत. त्यांत एखाद्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेल्याचा अहवाल असेल, तर तोही तेथेच पडून राहतो.

या स्थितीला रात्रभरात वाचा का फुटत नाही, हे समजून घेणे उद्बोधक आहे. मृत वितरकाची उचल पूर्ण भरलेली असल्यामुळे ब्रोकरला त्याच्याकडे पाठवण्यासारखे काही नाही. ब्रोकर पाठवीत नाही, म्हणून पाठवणे फसत नाही. पाठवणे फसत नाही, म्हणून शंका येत नाही. वितरकाची उचल अर्धीच भरलेली असती, तर ब्रोकरने पुढचा संदेश पाठवला असता, त्याला टीसीपीची पोच मिळाली नसती, आणि काही मिनिटांनी का होईना, सत्य उघडकीस आले असते.

सकाळी तक्रार येते. कोणीतरी संपूर्ण ब्रोकरच बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि वीसही अहवाल वॉर्डात येऊन पडतात. दोष गेला असे सर्वांना वाटते. वास्तविक गेले आहे ते दोषाचे चिन्ह, आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा झाला आहे. शिवाय रांग टिकाऊ व संदेश डिस्कवर लिहिण्याजोगे म्हणून नोंदलेले नसते, तर ब्रोकर बंद करताच ते वीस अहवाल कायमचे नष्ट झाले असते.

४. मौन मोजणारी घड्याळे

मौनाचा अर्थ लावण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे घड्याळ. ठरावीक काळात काही ऐकू आले नाही, तर समोरचा मेला असे मानावयाचे. हा काळ मोजणारी तीन घड्याळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालतात. ती एकच समजल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

पहिले घड्याळ पुन्हा पाठवण्याचे. पाठवलेल्या माहितीची टीसीपी-पोच आली नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम ती पुन:पुन्हा पाठवते, आणि दर खेपेस थांबण्याचा काळ वाढवते. लिनक्सच्या मूळ मांडणीत १५ प्रयत्नांची मर्यादा आहे, तिला किमान ९२४.६ सेकंद, म्हणजे सुमारे साडेपंधरा मिनिटे लागतात. हे घड्याळ माहिती पाठवली तरच सुरू होते. केवळ ऐकत बसलेल्या टोकाला त्याचा काहीही उपयोग नाही.

दुसरे घड्याळ टीसीपी कीपअलाइव्हचे. शांत जोडणीवर मधूनमधून चौकशीचे पॅकेट पाठवण्याची ही सोय आहे. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ ने ती ऐच्छिक ठरवली, मुळात बंद ठेवावी असे सांगितले, आणि मूळ अवधी दोन तासांहून कमी नसावा असा दंडक घातला. लिनक्सवर ती सुरू केली, तर प्रथम ७,२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चौकश्या, असे एकूण २ तास ११ मिनिटे १५ सेकंद लागतात. हे आकडे बदलता येतात. न बदलता ही सोय सुरू करून निश्चिंत होणाऱ्यास मात्र दोन तासांच्या विलंबाला तोंड द्यावे लागते, आणि मधला लोड बॅलन्सर तर सहा मिनिटांच्या आतच जोडणी विसरलेला असतो.

तिसरे घड्याळ ब्रोकरचे स्वतःचे. यालाच हार्टबीट म्हणतात. ब्रोकर आणि क्लायंट दोघेही नियमाने एकमेकांना एक छोटीशी, आशय नसलेली चिठ्ठी पाठवतात. रॅबिटएमक्यूमध्ये ब्रोकर सुचवतो तो काळ ६० सेकंदांचा आहे. चिठ्ठी त्याच्या निम्म्या काळाने, म्हणजे साधारण दर ३० सेकंदांनी जाते, आणि ओळीने दोन चुकल्या की जोडणी मृत मानून बंद केली जाते. इतर कोणतीही हालचाल झाली, तर तीही चिठ्ठीसारखीच धरली जाते. हार्टबीटचा दुसरा लाभ पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चिठ्ठ्यांच्या वर्दळीमुळे मधल्या उपकरणांच्या वहीतील नोंदही ताजी राहते.

एमक्यूटीटी या दुसऱ्या नियमावलीतही हीच योजना निराळ्या रूपात आहे. अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांचे वाचन उपग्रहाद्वारे मिळवण्यासाठी ती रचली. तेथे क्लायंट स्वतःच आपला अवधी जाहीर करतो, आणि त्या अवधीच्या दीडपट काळ मौन राहिले की ब्रोकर जोडणी तोडतो. हा अवधी जास्तीत जास्त ६५,५३५ सेकंद, म्हणजे १८ तास १२ मिनिटे १५ सेकंद असू शकतो. इतका मोठा अवधी दिल्यास हार्टबीट नावापुरतीच उरते, हे सांगावयास नको.

५. निदानाचा क्रम

निदानाचा पहिला नियम असा की, पाहण्यापूर्वी काहीही बंद करू नये. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

प्रथम रांगेचे तीन आकडे पाहावेत: थांबलेले संदेश, पोच-बाकी संदेश आणि घेणाऱ्यांची संख्या. पोच-बाकी आकडा बराच वेळ स्थिर असेल, आणि तो आगाऊ उचलीच्या मर्यादेइतका किंवा तिच्या पटीत असेल, तर संशयाला जागा आहे. मग हे संदेश कोणत्या जोडणीच्या नावे आहेत ते ब्रोकरच्या यादीतून काढावे. क्लायंटने जोडताना स्वतःचे नाव सांगितलेले असेल, तर हे काम क्षणाचे असते. अन्यथा केवळ पत्ता आणि पोर्ट यांवरून शोध घ्यावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे वह्यांची रुजुवात. ब्रोकर ज्या संगणकावर आहे तेथे आणि क्लायंटच्या संगणकावर, अशी दोन्हीकडे चालू जोडण्यांची यादी काढून ताडून पाहावी. लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा व जुन्या पद्धतीची ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा यासाठी आहे. ब्रोकरकडे जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसते आणि क्लायंटकडे तिचा मागमूस नाही, तर ती निष्प्राण आहे यात शंका उरत नाही. मध्ये नॅट असेल, तर दोन्हीकडचे पोर्ट-क्रमांक जुळणार नाहीत. तेव्हा मधल्या उपकरणाची वहीही पाहावी लागते.

तिसरी पायरी म्हणजे त्याच यादीतील पाठवण्याच्या रांगेचा आकडा. तो शून्याहून अधिक असून कमी होत नसेल, तर ब्रोकरने पाठवलेली माहिती पलीकडे पोचत नाही, आणि पहिले घड्याळ सुरू झाले आहे. तो सतत शून्यच असेल, आणि पॅकेटांच्या नोंदीतही एक-दोन मिनिटे काहीच जाताना दिसत नसेल, तर हार्टबीट बंद आहे असे समजावे. याउलट जोडणी दोन्ही वह्यांत आहे, चिठ्ठ्या नियमाने येत-जात आहेत, आणि फक्त संदेशाची पोच येत नाही असे दिसले, तर ती वर सांगितलेली चौथी अवस्था आहे. मग नेटवर्कचा पिच्छा सोडून क्लायंटच्या प्रोग्रॅममध्येच शोध घ्यावा.

चौथी पायरी वेळेच्या आकृतिबंधाची. ब्रोकरच्या नोंदवहीत हार्टबीट चुकल्याच्या किंवा जोडणी तुटल्याच्या वेळा सलग मांडून पाहाव्यात. शेवटच्या हालचालीनंतर नेमक्या एकाच अंतराने, समजा दर वेळी ३५० सेकंदांनी, तुटत असेल, तर एखाद्या मधल्या उपकरणाचे घड्याळ बोलत आहे. अनेक जोडण्या एकाच क्षणी तुटत असतील, तर एखादा संगणक किंवा मार्ग पडला आहे. एकच जोडणी पाळीपाळीने तुटते आणि जुळते, आणि तिच्यासोबत दुसरीही तशीच वागते, तर एमक्यूटीटीमध्ये दोन उपकरणांना चुकून एकच ओळख-नाव दिलेले असण्याचा संभव असतो. त्या नियमावलीनुसार त्याच नावाचा नवा क्लायंट आला की ब्रोकरने जुन्याला घालवावयाचे असते. त्यामुळे ती दोन उपकरणे एकमेकांना आळीपाळीने हुसकावत राहतात.

पाचवी पायरी विरुद्ध चुकीची. कधी कधी निष्प्राण मानून तोडलेली जोडणी खरोखर जिवंत असते. पायथन भाषेतील पिका या ग्रंथालयाच्या साध्या पद्धतीत संदेशाचे काम आणि हार्टबीटची देवाणघेवाण एकाच धाग्यावर चालते. एक संदेश हाताळण्यास पाच मिनिटे लागली, तर तेवढा वेळ चिठ्ठी जात नाही, आणि ब्रोकर एका कष्टाळू क्लायंटला मृत ठरवतो. काम संपवून तो पोच द्यावयास येतो, तेव्हा दार बंद झालेले असते. तोच संदेश दुसऱ्याकडे जातो, तेथेही पाच मिनिटे लागतात, आणि हा फेरा संपत नाही. येथे उपाय हार्टबीट बंद करणे हा नसून लांबलचक काम वेगळ्या धाग्यावर नेणे हा आहे. पुष्कळ ठिकाणी हार्टबीट शून्यावर आणली जाते ती याच प्रसंगी, आणि रुग्णालयाच्या उदाहरणातील रात्रीचे बीज तेथेच पेरले जाते.

६. उपाय आणि त्यांची किंमत

तातडीचा उपाय म्हणजे ब्रोकरच्या प्रशासन-सोयीतून तेवढी एकच निष्प्राण जोडणी बंद करणे. तिच्या नावे राखलेले संदेश ताबडतोब रांगेत परत येतात आणि इतर घेणाऱ्यांना मिळतात. ते ‘पुन्हा दिलेले’ अशी खूण घेऊन येतात. बाकीच्या क्लायंटना धक्का लागत नाही.

कायमच्या उपायांत हार्टबीटचा अवधी ठरवणे हे मुख्य. रॅबिटएमक्यूच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक ठिकाणी ५ ते २० सेकंदांचा अवधी योग्य ठरतो. ५ सेकंदांहून कमी अवधीत क्षणिक गर्दीमुळेही जिवंत जोडणी मृत ठरण्याचा धोका वाढतो. मधल्या उपकरणांची मर्यादा ठाऊक असेल, तर चिठ्ठ्यांचे अंतर तिच्या बरेच आत असावे. आगाऊ उचलीची मर्यादाही आटोक्यात ठेवावी. मर्यादाच घातली नाही, तर एकच मृत क्लायंट सबंध रांग आपल्या नावावर घेऊन बसू शकतो. चौथ्या अवस्थेसाठी पोच देण्याची वेगळी मुदत लागते. रॅबिटएमक्यूच्या ३.८ मालिकेत ती आली.

देणाऱ्या क्लायंटने एक भ्रम टाळावयास हवा. संदेश पाठवण्याची आज्ञा यशस्वी झाली, याचा अर्थ तो आपल्याच संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवून घेतला, एवढाच असतो. पलीकडे ब्रोकर नाहीसा झाला असेल, तरीही प्रारंभी आज्ञा यशस्वीच दिसते. म्हणून ब्रोकरकडून रीतसर स्वीकृती येईपर्यंत देणाऱ्याने आपली प्रत टाकून देऊ नये. तसेच, ब्रोकर पुन्हा सुरू झाल्यावर हजारो क्लायंटनी एकाच क्षणी दार ठोठावू नये, यासाठी प्रत्येकाने पुन्हा जोडण्यापूर्वी कमीअधिक काळ थांबावे.

परंतु कितीही काळजीपूर्वक निवडलेला अवधी निर्दोष असू शकत नाही. मंद आणि मृत यांच्यातील भेद केवळ मौनावरून निश्चितपणे ओळखता येत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये गणिताने सिद्ध केले की, संदेशांना कोणतीही कालमर्यादा नसलेल्या व्यवस्थेत एक घटक जरी बंद पडण्याची शक्यता असेल, तरी उरलेल्यांचे एकमत होईलच अशी हमी देणारी ठाम कार्यपद्धती असू शकत नाही. म्हणून प्रत्येक अवधी हा एक अंदाज असतो, आणि तो दोन दिशांनी चुकू शकतो. अवधी लांब ठेवला तर मृताची वाट पाहण्यात विलंब होतो. आखूड ठेवला तर जिवंताला मृत ठरवून तेच काम दोनदा होते.

यांपैकी कोणती चूक सोसावयाची, हे तंत्रावरून ठरत नाही, ते कामाच्या स्वरूपावरून ठरते. रक्ताचा अहवाल वॉर्डात दोनदा पोचला, तर काही बिघडत नाही. तो उशिरा पोचला, तर जिवावर बेतू शकते. तेथे अवधी आखूड असावा. पैसे वळते करण्याचा हुकूम दोनदा बजावला गेला, तर नुकसान उघड आहे. तेथे प्रत्येक हुकुमाला स्वतंत्र क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता केवळ पोच द्यावयाची, अशी घेणाऱ्याची रचना आधी असावी. अशी रचना सर्वत्र केली, तर दुसऱ्या चुकीची किंमत जवळजवळ नाहीशी होते, आणि पहिलीवर लक्ष केंद्रित करता येते.

७. उपायाची परीक्षा

उपाय लागू पडला किंवा नाही, हे तपासण्याची सर्रास पद्धत म्हणजे क्लायंटचा प्रोग्रॅम बळाने बंद करून पाहणे. ब्रोकरला लगेच कळते, संदेश परत येतात, आणि तपासणारा समाधानी होतो. ही परीक्षा व्यर्थ आहे. प्रोग्रॅम बंद झाला तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि ती निरोप पाठवते. म्हणजे येथे पहिल्या प्रकारच्या मरणाचीच परीक्षा झाली, जिला कोणत्याही उपायाची गरजच नव्हती.

खरी परीक्षा करावयाची, तर चाचणीच्या यंत्रणेत फायरवॉलचा नियम घालून दोन्ही दिशांची पॅकेटे नकार न देता निमूटपणे टाकावीत, किंवा संगणकाची वीज सरळ तोडावी. मग घड्याळ लावून तीन वेळा टिपाव्यात: ब्रोकरने जोडणी केव्हा बंद केली, संदेश रांगेत केव्हा परतले आणि दुसऱ्या घेणाऱ्याने ते केव्हा पूर्ण केले. त्यानंतर परीक्षा उलट करावी. ब्रोकरची वीज तोडून, केवळ ऐकत बसलेल्या क्लायंटला किती वेळाने शंका येते ते पाहावे. हार्टबीट नसेल, तर त्याला कधीच शंका येणार नाही. अशा प्रकारे मोजलेला सर्वांत मोठा आकडा त्या कामाला सोसेल त्या विलंबाहून लहान असेल, तरच अवधी योग्य ठरला असे म्हणावे. रुग्णालयाच्या उदाहरणात त्या विलंबाचा निर्णय संगणक-विभागाने एकट्याने घेऊ नये. धोक्याचा अहवाल वॉर्डात किती मिनिटांत पोचला पाहिजे, हे प्रथम तेथील डॉक्टरांना विचारावे, आणि मग घड्याळे लावावीत.